तू कोण, कुठला, काय पाहिजे?

झपाटलेल्या माणसाला भगतापुढे बसवलं की पहिल्यांदा विचारपूस होते. मारझोड नव्हे, ती करणारे भगतही आहेत, त्यांच्याकडे शेवटी येऊ. आधी तांदळाचे दाणे पाहायचे, धूप फिरवायचा आणि मग त्या माणसाच्या तोंडून जे बोलत असेल त्याला तीन गोष्टी विचारायच्या. तू कोण? कुठला? तुला काय पाहिजे? तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावर मांगेली आणि वाडवळ वस्त्यांत, बोईसरच्या पूर्वेला डोंगराकडे सरकत जाणाऱ्या वारली पाड्यांत, खाली थेट वेंगुर्ल्यापर्यंत शब्द बदलतील, प्रश्न हेच राहतात.

देशातली पहिली अणुवीज 1969 साली इथून, तारापुरातून, तारांत गेली. तेव्हा अणुभट्टी आणि भूत अशी जोडी लावून लेख सजवायचा मोह होतोच. त्यात फारसं काही नाही. भुतांच्या जगाला स्वतःचं एक व्याकरण आहे आणि ते हजारो मैलांवरच्या स्लाव्ह लोकांच्या, म्हणजे रशियन, युक्रेनी, पोलिश शेतकऱ्यांच्या भुतांना जवळजवळ जसंच्या तसं लागू पडतं, ही खरी नवलाची गोष्ट. भगताचे तीन प्रश्न हातात धरून ते उलगडता येतं.

पहिला प्रश्न, तू कोण. कोकणातल्या भुतांची सगळ्यात सविस्तर नोंद इंग्रज अमदानीत झाली, पण ती केली इथल्या शाळामास्तरांनी. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या मास्तरांकडून प्रश्नावलीची उत्तरं मागवून नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी लोकसमजुतींची टिपणं जमवली होती. हे तेच जॅक्सन, ज्यांना 21 डिसेंबर 1909 रोजी ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. मागे राहिलेली टिपणं एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने लावून छापली. कोकणचा खंड 1915 चा. मास्तरांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. एका गावची जखीण दुसऱ्या गावात हडळ असते. पण नावं बाजूला ठेवून प्रत्येक भूत कुणाचं होतं एवढंच वाचत गेलं की सूत्र हाताला लागतं.

मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तो मुंजा. पिंपळावर राहतो, पाराभोवती खडे मारतो, फार वाईट करत नाही, पोरगाच तो. (2024 च्या हिंदी सिनेमाने त्याला बराच मोठा आणि बराच वाह्यात केला.) वंशाला कुणी न ठेवता किंवा पैशात जीव अडकून गेलेला ब्राह्मण, तो समंध, पुरलेल्या हंड्यावर बसून राहणारा तोच. नवरा जिवंत असताना गेलेली सवाष्ण ती जखीण, आणि लावसट ही विधवेची. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत, सोयर फिटायच्या आत गेलेली बाई ती हडळ. लग्नाआधी गेलेला लढवय्या घराण्यातला तरुण वीर होतो, बुडून मेलेला गिऱ्हा.

आता या सगळ्यांत सामाईक काय ते पाहा. मुंज आणि सोडमुंज यांच्या मधला, साखरपुडा आणि लग्न यांच्या मधला, बाळंतपण आणि बारसं यांच्या मधला, असा प्रत्येक जण कशाच्या तरी अधेमधे अडकलेला आहे. म्हातारपणी, नातवंडं पाहून, अंथरुणात गेलेल्या आजोबांचं भूत सहसा होत नाही; ते पितर होतात. एक संस्कार होऊन गेला, पुढचा झाला नाही, आणि मधल्या फटीत मरण आलं की भूत. ही नावं म्हणजे न मिटलेल्या खात्यांची वहीच.

हेच सूत्र रशियात दिमित्री झेलेनिन या अभ्यासकाने 1916 च्या पुस्तकात मांडलं. रशियन खेडूत मृतांचे दोन वर्ग करतात, असं त्याने दाखवलं. एक पितर, ज्यांना ते ‘आईबाप’ असंच म्हणतात. हे आपलं आयुष्य पुरं जगून गेले. दुसरे अकाली, अपघाती किंवा स्वतःच्या हाताने गेलेले. त्यांच्या वाट्याचे दिवस संपलेले नसतात, म्हणून तेवढे दिवस ते इथेच भटकतात. त्यांना जमीन पोटात घेत नाही, अशी समजूत. म्हणून त्यांना रीतसर पुरायचं नाही, दलदलीत किंवा ओढ्याकाठी टाकून फांद्यांनी झाकायचं. अशा कुणाला चुकून गावच्या दफनभूमीत पुरलं आणि त्या साली पाऊस ओढला, तर गावकरी जाऊन त्याच्या थडग्यावर पाणी ओतत. रुसाल्का ही स्लाव्ह जलकन्या याच दुसऱ्या वर्गातली, बहुतेक वेळा लग्नाआधी बुडालेली मुलगी. द्व्होर्झाकचा तिच्यावरचा ऑपेरा 1901 मध्ये रंगमंचावर आला, तेव्हापासून युरोपभर ती फारच देखणी आणि हळवी झाली. खेड्यातली रुसाल्का गुदगुल्या करकरून माणसाचा जीव घेते.

या अडकलेल्यांचं करायचं काय, यावरही दोन्हीकडे एकच तोडगा निघाला. त्यांना वर्षाचा एक दिवस नेमून द्यायचा. रशियात ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यातला गुरुवार या बेवारस मृतांचा. वर्षभर एका मोठ्या खड्ड्यात ठेवलेली प्रेतं त्या दिवशी एकत्र पुरली जात. साम्राज्ञी कॅथरीनने 1771 मध्ये ती खड्ड्यांची चाल बंद केली. आपल्याकडे पितृपक्षाचं पंचांग उघडा. नवमी अविधवा नवमी, नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींची. चतुर्दशी शस्त्राने, अपघाताने, घाताने गेलेल्यांची. उरलेसुरले सगळे सर्वपित्रीला. म्हणजे जखिणीला आणि घाताने मेलेल्या समंधाला भटजींच्या पंचांगातही जागा आहे, फक्त तिथे त्यांची नावं सोवळी आहेत. भगत आणि भटजी एकमेकांना ओळख देत नाहीत, पण दोघंही त्याच वहीतली खाती मिटवत असतात.

हडळीपाशी जरा थांबू, कारण तिच्यात तपशील सगळ्यात जास्त आहेत. एन्थोव्हेनच्या टिपणांतली हडळ समोरून भरलेली आणि पाठीमागून नुसता सापळा. पाय उलटे. बाळंतीण गेली की तिची तिरडी स्मशानात नेताना वाटेवर राळे किंवा मोहरी टाकत जायचं. एकेक दाणा वेचल्याशिवाय तिला परत येता येत नाही, आणि एका रात्रीत तेवढे दाणे वेचून होत नाहीत. आता युक्रेनमध्ये कार्पेथियन डोंगरांत जा. तिथल्या रानात न्याव्का नावाची बाई भेटते. समोरून सुंदर, पण वळली की पाठीला कातडीच नाही, आतली आतडी दिसतात. आणि ज्या मृताने परत येऊ नये असं वाटतं, त्याच्या थडग्याभोवती तिकडे खसखस टाकतात. हेतू तोच: मोजत बस. या दोन डोंगरांतल्या बायका कधी एकमेकींना भेटल्या असतील असं मला वाटत नाही. पण बाळंतपणात मरणाऱ्या बायका दोन्हीकडे सारख्याच होत्या, आणि त्यांच्याबद्दलची भीती व अपराधाची बोच दोन्हीकडे एकाच रूपात बाहेर पडली. तरुण बाई दहा दिवस एका खोलीत, धुरीत, पथ्यावर पडून, हळूहळू ताप चढून जाते. घरच्यांना तिची भीती वाटावी हे त्या घराबद्दल बरंच काही सांगतं.

या वहीचा एक कोपरा मात्र ओंगळ आहे. भुतांनाही जात आहे. समंध आणि मुंजा ब्राह्मणांचे, झोटिंग काही टिपणांत खारवी-कोळ्यांचा, देवचार शूद्रांचा, खवीस मुसलमानाचा किंवा हबशाचा. अंगाने धिप्पाड, काळाकभिन्न, सगळ्यात दांडगा तो खवीस. जंजिऱ्याच्या सिद्दींची सत्ता या किनाऱ्याने पिढ्यान् पिढ्या पाहिली, तिची सावली त्यात स्पष्ट आहे. ब्राह्मणाचं भूत सोवळंओवळं पाळतं, खालच्या मानलेल्या जातीचं भूत कोंबडं आणि दारू मागतं. मेल्यावर तरी सुटका होईल असं ज्यांना वाटत असेल त्यांनी ही यादी वाचावी.

दुसरा प्रश्न, कुठला. इथे आणखी एक वर्ग पुढे येतो. हे कधी माणूस नव्हतेच, किंवा असले तरी आता ते कुणाला आठवत नाही. हे जागेचे धनी. रशियन घरात शेगडीमागे दोमोवोई राहतो, न्हाणीघरात बान्निक, रानात लेशी, पाण्यात वोद्यानोई. न्हाणीघरात लोकांच्या पाळ्या लागतात, त्यातली शेवटची पाळी बान्निकची. त्या वेळी कुणी आत जायचं नाही, पाणी आणि साबण ठेवून बाहेर पडायचं. घर बदलताना जुन्या शेगडीतले निखारे नव्या शेगडीत न्यायचे आणि म्हणायचं, आजोबा, चला आमच्याबरोबर. घराच्या भुताला आजोबा म्हणणं मला फार आवडतं. आपल्या घरातल्या राखणदाराला आपण इतकं जवळचं करत नाही, दुरून हात जोडतो.

आपल्याकडे हे धनी घरापेक्षा बाहेर जास्त भेटतात. पाण्याच्या काठी साती आसरा: विहिरीवर, डोहावर, ओढ्यावर शेंदूर लावलेले सात दगड. बायका त्यांची ओटी भरतात, आणि पोरांना त्या डोहात उतरू देत नाहीत. गिऱ्हा मात्र खाडीतला. भरतीच्या वेळी पाणी गुडघाभर भासवतो आणि पुढे नेऊन बुडवतो. त्याचे केस कापून लपवून ठेवले तर तो गुलामासारखा राबतो. केस सापडले की सूड घेतो. घिवलीपासून सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्यावर खाडीची तोंडं आणि चिखलाच्या पट्ट्या पाहिल्या, की जिथे पाण्याचा अंदाज पावलागणिक बदलतो तिथे असा धनी का लागला ते समजतं. रशियन मच्छीमार वोद्यानोईला मोसमाच्या सुरुवातीला लोणी किंवा तंबाखू देत. आपले कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात. दर्या देव आहे आणि गिऱ्हा भूत, हा फरक आपला. पाणी तेच.

वेशीवर चेडोबा किंवा देवचार. तळकोकणात देवचाराला विडी, रोट, कधी दारू ठेवतात. तो रात्री मशाल घेऊन वेशीवरून फिरतो. बढती मिळाली की असा धनी ग्रामदेव होतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा हा मुळात भुतांचा राजा वेताळ. आज त्याचं मोठं देऊळ आहे आणि लोक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याचे मोठाले जोडे वाहतात. तो रात्री गावाभोवती फिरतो, म्हणून जोडे झिजतात, अशी श्रद्धा. गावचा राखणदार आणि भुतांचा राजा एकच असणं हे कोकणाला अजिबात विसंगत वाटत नाही. पोलीसपाटलालाच सगळे चोर ओळखू येतात.

रानात मात्र पालघरचा स्वतःचा धनी आहे, वाघोबा. लाकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, बाजूला चंद्र-सूर्य. वारली सांगतात ती गोष्ट अशी: वाघ एका कुवार मुलीच्या पोटी जन्मला, गावातली गुरं मारू लागला, गाव चिडलं. आईने मध्यस्थी केली. तू रानात राहा, गाव तुला वर्षातून एकदा मान देईल. म्हणून वाघबारशीला कोंबडा, बकरा. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मुंबई-ठाणे-पालघर भागात वाघोबाची सुमारे दीडशे ठाणी नोंदवली. या भागात आता वाघ नाहीत, बिबटे आहेत. मान त्यांच्याकडे गेला आहे. उत्तर रशियातले गुराखी लेशीशी असाच करार करत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंडं किंवा जनावर कबूल करायचं, मंत्राचा कागद बांधायचा आणि मोसमभर पथ्यं पाळायची: केस कापायचे नाहीत, रानातली बोरं तोडायची नाहीत. बदल्यात लेशी कळप राखणार. करार मोडला तर गुरं जाणार. दोन्हीकडे रान कुणाच्या मालकीचं नाही, ते त्या धन्याचं आहे आणि गाव त्याचं कूळ आहे.

रानातली दुसरी बाधा चकवा. रात्री वाट सरळ दिसते, माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येतो. उपाय ठरलेले. चालायचं थांबव, खाली बस, विडी पेटव. कुणी म्हणतं चपला उलट्या घाल. लेशीने भुलवलं तर रशियन माणूस हेच करतो: सदरा उलटा घालतो, डावा जोडा उजव्या पायात. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा माग काढला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, तशी गोल फिरू लागली, आणि त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं. म्हणजे थांब, बस, विडी पेटव हा सल्ला चोख आहे. तेवढ्यात ढग सरकतात किंवा उजाडतं.

जागेबरोबर वेळही आली. आपल्याकडे तिन्हीसांजा, अमावास्या, आणि विसरू नका, टळटळीत दुपार. पोरांना बारा वाजता चिंचेखाली किंवा विहिरीकडे जाऊ देत नाहीत. स्लाव्ह शेतातही भर दुपारी पोलुद्नित्सा फिरते. पांढऱ्या कपड्यातली उंच बाई, त्या वेळी कापणी करत राहणाऱ्याची मान पिरगाळते. सावली पायाखाली येते तेव्हा शेतात राबू नये, हे सांगायला मुकादमापेक्षा ती जास्त कामाची.

तिसरा प्रश्न, काय पाहिजे. याचं उत्तर मिळालं की बहुतेक काम झालं. कोंबडा, नारळ, दहीभात, हिरवं लुगडं, कधी पोटच्या पोराला एकदा पाहणं. उतारा काढून तिठ्यावर किंवा वेशीवर ठेवायचा आणि मागे वळून न पाहता परत यायचं. घराण्याच्या वहीतलं खातं असेल तर त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी. भगताच्या या बाजूत खोटेपणा शोधण्याची मला फार घाई नाही. सुनेच्या तोंडून मेलेली जाऊ बोलते आणि सगळ्यांपुढे सांगते की मला या घरात उपाशी ठेवलं. हे सुनेने स्वतःच्या तोंडाने सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. अंगात आलेलं मात्र सासूलाही खाली बसून ऐकावं लागतं.

पण तिन्ही प्रश्न चुकीच्या माणसाला विचारले जातात तेव्हा जीव जातो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. दंश बारीक, दुखत नाही, सूज नाही, बहुतेकदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, जीभ अडखळते, मग श्वास. जखम कुठेच दिसत नाही. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी डोळे उघडू शकत नाही म्हटल्यावर घरच्यांना बाहेरचं काही लागलं असं वाटणं अगदी साहजिक आहे. तू कोण, कुठला यात जो वेळ जातो, तेवढाच प्रतिविषाला हवा असतो. पापण्या मिटताहेत, मान धरवत नाही, अशी सकाळ उगवली तर थेट सरकारी दवाखाना. भूत असेल तर दुपारी पाहता येईल.

आता मारझोड करणाऱ्या भगतांकडे येऊ. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी वटहुकूम काही दिवसांतच निघाला. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. त्यात भुतावरच्या श्रद्धेला हात लावलेला नाही. अनुसूचीत कृत्यं आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं, चटके देणं. साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

त्याच अनुसूचीतलं एक कलम आदिवासी पट्ट्यात सगळ्यात जास्त लागतं. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्या अंगी भुताची शक्ती आहे, तिच्यामुळे गुरांचं दूध आटतं, असं भासवून तिचं जगणं मुश्किल करणं. वारली पाड्यावर हिला भुताळी म्हणतात. ती बहुतेकदा एकटी, विधवा, थोडी जमीन नावावर असलेली. हडळीला, गिऱ्ह्याला, चेडोबाला भगत तीन प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. भुताळीला विचारत नाहीत. दाण्यांत तिचं नाव आधीच निघालेलं असतं. रशियन आणि युक्रेनी खेड्यांत भर उन्हाळ्यातल्या कुपाला रात्री गोठ्याच्या दाराला खाजकुयलीसारखी चिडवी झुडपं टांगत, कारण त्या रात्री वेद्मा, म्हणजे चेटकीण, गायीचं दूध चोरायला येते. दूध चोरणारी बाई तिथेही शेजारचीच कुणीतरी असे. महाराष्ट्रात अशा बाईला आता पोलीस ठाण्यात तक्रार करता येते आणि पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी त्यासाठी नेमलेला असतो.